फोर्स्कोलचे नाव, मुलुंडचा पत्ता

सन १७६३ च्या सप्टेंबरात मोखा बंदराहून निघालेले एक इंग्रजी जहाज मुंबईस लागले. त्यातून दोन युरोपियन उतरले. एक कार्स्टेन नीबूर नावाचा जर्मन मोजणीदार. दुसरा क्रामर नावाचा वैद्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या शोधार्थ पाठविलेल्या सहा जणांच्या मंडळीपैकी एवढेच दोघे उरले होते. भाषापंडित फोन हाफेन मोख्यास वारला. वनस्पतिशास्त्रज्ञ पेतर फोर्स्कोल येमेनच्या डोंगरात यरीम गावी हिवतापाने गेला. चित्रकार बाउरेनफाइंड आणि मंडळीचा नोकर ह्या दोघांना मुंबईच्या वाटेवर समुद्राच्या स्वाधीन करावे लागले. पुढल्या फेब्रुवारीत क्रामरनेही मुंबईतच डोळे मिटले, आणि नीबूर एकटा राहिला.

ही मंडळी कोणी जिवलग मित्र नव्हती. त्यांत डेन होते, स्वीड होते, जर्मन होते. आणि निघाल्यापासून त्यांचे हेवेदावे चालू होते. कॉन्स्टँटिनोपलला फोन हाफेनने सोमल विकत घेतला म्हणून बाकीच्यांना आपल्या जिवाची धास्ती पडली, इथवर मजल गेली होती. तरीही नीबूरने मागे राहिलेल्याचे काम सोडले नाही. मुंबईच्या मुक्कामात तो घारापुरीस गेला, लेण्यांची मोजमापे आणि चित्रे काढली. पुढे इराणात पर्सिपोलिसचे शिलालेख त्याने इतक्या काळजीने उतरून घेतले की त्या नकलांवरून ग्रोटेफेंड नावाच्या एका शाळामास्तराला १८०२ साली कीलाक्षर लिपीचे कोडे सोडविण्यास आरंभ करता आला. आणि घरी परतल्यावर, १७७५ साली, त्याने फोर्स्कोलची वनस्पती आणि प्राणी ह्यांवरील टिपणे ग्रंथरूपाने छापून काढली. त्या ग्रंथांमुळे फोर्स्कोलचे नाव शास्त्रात टिकले आणि पुढील वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते अनेक झाडाझुडुपांना दिले.

फोर्स्कोलने मुंबई कधी पाहिली नाही. परंतु दोन शतकांनंतर मुंबईच्याच एका उपनगरात, जुन्या आग्रा रोडवर, ज्याला आता लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, त्याच्या नावाच्या एका झुडुपाच्या मुळ्या कुटल्या जात होत्या. ती हकीकत मुलुंडची आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

ती सांगण्यापूर्वी त्या वेळच्या शिकलेल्या तरुणांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. रसायनशास्त्रात पदवी घेऊन, परदेशात जाऊन, तेथे नामवंत गुरूच्या हाताखाली दोन-चार वर्षे काढून मुलगा परत आला, तर त्याने करावे काय? हरगोविंद खुरानांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. झुरिचला शिकून ते १९४९ साली मायदेशी आले, नोकरी मिळाली नाही, केंब्रिजला परत गेले. आणि १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. अशा परतलेल्यांना काही काळ तरी आधार मिळावा म्हणून सरकारने १९५८ साली शास्त्रज्ञांचा एक ‘पूल’ काढला. तो आधार होता. पण आधार म्हणजे काम नव्हे. काम म्हणजे स्वतःचे टेबल, स्वतःचा प्रश्न, आणि त्या प्रश्नावर जगात आणखी कोणीतरी डोके खाजवीत आहे ह्याची जाणीव.

असे काम मुंबईच्या उपनगरात दोन ठिकाणी उभे राहिले. पहिले पश्चिम रेल्वेच्या बाजूस, गोरेगावला. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तेथे संशोधन केंद्र बांधले आणि १९६३ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. संचालक म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील टी. आर. गोविंदाचारी आले. ते स्वतः अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स ह्यांच्यापाशी काम करून आलेले. सीबाच्या कागदपत्रांत नव्या रसायनांना क्रमांक आणि त्यापुढे गावाच्या नावाची आद्याक्षरे देण्याची रीत होती. बाझेलला जन्मलेल्या रसायनास ‘बा’, अमेरिकेतील समिटला जन्मलेल्यास ‘सु’, आणि गोरेगावच्यास ‘गो’. जगातील कोणत्याही भाषेतल्या शोधनिबंधात ते ‘गो’ तसेच छापले जाई. आमांशावरचे सॅट्रानिडाझोल हे असेच एक ‘गो’ रसायन. उपनगरी गाडीने येऊन-जाऊन काम करणाऱ्या माणसाच्या श्रमाला बाझेलच्या बरोबरीचे अक्षर मिळाले, ही गोष्ट लहान नाही.

दुसरे केंद्र मध्य रेल्वेच्या बाजूस, मुलुंडला. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने ते १९७२ साली सुरू केले. रसायनविभागाचे काम नोएल डिसूझा ह्यांच्याकडे होते. आयुर्वेदात आणि लोकांच्या घरगुती औषधांत ज्या वनस्पतींची नावे येतात, त्या गोळा करावयाच्या, त्यांचे अर्क काढावयाचे, आणि हृदयावर, रक्तदाबावर त्यांचा काही परिणाम होतो का ते पाहावयाचे, अशी योजना होती. ज्या झुडुपाने मुलुंडचे नाव जगभर नेले, ते आपल्याकडे मैनमूळ म्हणून ओळखतात. गुजराती घरांतून त्याच्या मुळ्यांचे लोणचे घालतात. शास्त्रात तेव्हा त्याचे नाव ‘कोलियस फोर्स्कोली’ होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे ते नाव बदलून ‘कोलियस बार्बाटस’ असे केले, पण तोवर मुळांतल्या पदार्थाचे नामकरण होऊन गेले होते.

तो पदार्थ म्हणजे फोर्स्कोलीन. त्याची रचना सांगणारा शोधनिबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यावर पाच नावे आहेत: भट, बाजवा, डोर्नाउअर, डिसूझा, फेल्हाबर. पहिले नाव सुजाता भट ह्या संशोधिकेचे आहे. दोन नावे जर्मन आहेत. दुसऱ्याच वर्षी हृदयावरील परिणामांचा निबंध आला. त्यावर जर्मनीच्या लिंडनर ह्यांच्याबरोबर दोहडवाला आणि भट्टाचार्य ही नावे आहेत. मुळ्या इथल्या, अर्क इथला, काही मोजमापे तिथली, आणि कोणाचे काम कोठे संपले व कोणाचे कोठे सुरू झाले, हे निबंध वाचून सांगता येत नाही. नीबूरने फोर्स्कोलचे ग्रंथ छापले त्यातही असेच होते.

ह्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही हेच झुडूप तपासले जात होते. तेथील मंडळींनी आपल्या पदार्थाला ‘कोलिओनॉल’ असे नाव दिले, आणि त्याची रचना मुलुंडच्या पदार्थाहून एका जागी किंचित निराळी आहे असे मांडले. अखेर १९८५ साली निबंध आला की कोलिओनॉल आणि फोर्स्कोलीन एकच होत. चुकलेली मांडणी दुरुस्त करून छापणे हा शास्त्रातला सभ्यपणा आहे, आणि तो सभ्यपणा नसेल तर देशोदेशींच्या संशोधकांच्या स्नेहाला काही अर्थ राहणार नाही.

मात्र मुलुंडच्या पदार्थाचे भाग्य उघडले ते अमेरिकेत. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केनेथ सीमन, पॅजेट आणि जॉन डेली ह्यांनी १९८१ साली दाखवून दिले की हा पदार्थ पेशीतील एका विशिष्ट विकराला सरळ जागे करतो. ह्याचे महत्त्व सोप्या शब्दांत असे. शरीरातील पुष्कळ संप्रेरके पेशीच्या दाराशी येऊन निरोप देतात, ती स्वतः आत शिरत नाहीत. दारावरील निरोप आतल्या माणसांपर्यंत पोचविणारा एक हरकाऱ्या आत तयार व्हावा लागतो. हा हरकाऱ्या अर्ल सदरलँड ह्यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. फोर्स्कोलीन दारावर थाप न मारता थेट त्या हरकाऱ्याला घडविणाऱ्या विकरालाच कामास लावते. मग संशोधकांना हवी तशी किल्ली मिळाली. ह्या किल्लीच्या आधारानेच ते विकर १९८० नंतरच्या दशकात शुद्ध स्वरूपात बाजूस काढता आले. १९९७ साली त्याची स्फटिकरचना उलगडली तेव्हा त्या रचनेत विकराला चिकटून बसलेले फोर्स्कोलीनही दिसले. हार्वर्डच्या कोरींनी ते प्रयोगशाळेत प्रारंभापासून घडवून दाखविले.

औषध म्हणून त्याने फारशी मजल मारली नाही, कारण ज्या विकरावर ते काम करते ते शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. एका जागी हवा असलेला परिणाम दहा जागी होतो. जपानात त्यापासून बनविलेले एक औषध हृदयविकारावर वापरात आले, एवढेच. पण प्रयोगशाळेतील हत्यार म्हणून ते अजरामर झाले आहे. नेदरलँड्समधील उत्रेक्त येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत रुग्णाच्या आतड्याच्या पेशींपासून वाढविलेल्या चिमुकल्या गोळ्यांवर फोर्स्कोलीन सोडतात. गोळा किती फुगतो त्यावरून ‘सिस्टिक फायब्रोसिस’ ह्या आनुवंशिक रोगावर त्या विशिष्ट रुग्णास कोणते औषध लागू पडेल त्याचा अंदाज बांधतात. उत्रेक्तमधल्या त्या मुलाला मुलुंड कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

मुलुंडच्या मंडळींनी झाडांबरोबर मातीही धुंडाळली. मुलुंडच्या मिठागरातील मातीतून त्यांना एक जिवाणू सापडला, त्यापासून मर्सासिडीन नावाचा प्रतिजैविक पदार्थ निघाला, आणि १९९२ साली तो जगापुढे आला. पुढे जर्मनीत बॉन विद्यापीठातील संशोधकांनी तो जिवाणूंची भिंत बांधण्याच्या कामात नेमका कोठे अडथळा आणतो हे शोधून काढले. हिमालयाच्या मातीतून मिळालेल्या दुसऱ्या एका जिवाणूपासून बाल्हिमायसीन निघाले. १९९४ च्या त्या निबंधावर नाडकर्णी, पटेल, चटर्जी, विजयकुमार, देशिकन, गांगुली अशी नावे जर्मन नावांच्या शेजारी बसलेली आहेत. तो जिवाणू ट्यूबिंगनच्या शास्त्रज्ञांचा असा आवडता झाला की व्हँकोमायसीनच्या जातीची प्रतिजैविके निसर्गात कशी घडतात हे शिकावयाचे असेल तर आजही त्याचेच उदाहरण देतात.

आता दुसरी बाजू. ह्या केंद्रांतील माणसे आपली होती, पण केंद्रांचे भवितव्य ठरविणारे टेबल आपले नव्हते. काय शोधावे, शोधलेले पुढे न्यावे की फडताळात ठेवावे, हे बाझेलला आणि फ्रँकफर्टला ठरे. सह्याद्रीत आढळणाऱ्या एका वृक्षातील द्रव्यावरून मुलुंडला १९८० नंतरच्या दशकात फ्लेव्होपिरिडॉल तयार झाले. पेशीविभाजनाच्या चक्रातील विकरांना आवर घालणाऱ्या औषधांपैकी माणसांवरील चाचणीपर्यंत पोचलेले ते पहिले. त्या चाचण्या अमेरिकेत झाल्या. कंपन्यांची गणिते बदलली तशी केंद्रेही बदलली. गोरेगावचे संशोधन बंद पडले. गोरेगाव पूर्वेला आज काचेच्या इमारती आणि मॉल दिसतात. मुलुंडचे केंद्र १९९८ साली निकोलस पिरामल कंपनीने घेतले.

मग सारे व्यर्थ गेले काय? मला तसे वाटत नाही. माणसे पांगली, पण विद्या घेऊन पांगली. सुजाता भट पवईच्या आय. आय. टी. त अध्यापन करू लागल्या आणि फोर्स्कोलीनवर पुढेही लिहीत राहिल्या. डिसूझांनी वोखार्टचे संशोधन उभे केले. नव्या मालकीखाली त्याच वृक्षाच्या द्रव्यावरून कर्करोगाविरुद्ध आणखी एक रसायन सिद्ध झाले आणि त्याच्याही मानवी चाचण्या झाल्या. ह्या खेपेस निर्णयाचे टेबल मुंबईत होते. परदेशी गेल्याशिवाय तरणोपाय नाही असे ज्या पिढीला वाटत होते, तिच्यातील काहींना कांजूर-भांडुपच्या पलीकडे उतरून जगाच्या बरोबरीचे काम करता आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुले आणखी कोणाला तयार करीत असतील. ह्याचा हिशेब ताळेबंदात मांडता येत नाही, म्हणून ताळेबंद पाहून केंद्र बंद करणाऱ्यास तो दिसतही नाही. धोका आहे तो इथे. इमारत विकली तर दुसरी बांधता येते. पण अर्क तपासून ‘ह्यात काहीतरी आहे’ असे ओळखणारी नजर आणि परक्या देशातील अनोळखी माणसाच्या मोजमापावर विश्वास टाकण्याची सवय, ह्या दोन गोष्टी जमण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात.

नीबूरने आपल्या मृत सोबत्याचे ग्रंथ छापले तेव्हा त्याला मुलुंड नावाचे खेडे ठाऊक असण्याचा संभव नाही. तो घारापुरीस गेला, मुंबईच्या बंदरात हिंडला, आणि १७६४ च्या डिसेंबरात निघून गेला. फोर्स्कोलचे नाव मात्र मागून आले. आज कोठल्याही देशातल्या प्रयोगशाळेत शीतकपाटाचे दार उघडले, तर एखाद्या लहानशा बाटलीवर ते छापलेले सापडते. बाटलीवर मुलुंडचा पत्ता नसतो. तो पत्ता आपण लक्षात ठेवावयाचा.