ठेवून घेतलेला राग

सावनेरचं नाव निघालं की आमचे आजोबा गडकरी मास्तरांवर यायचे. आजोबांचं लहानपण तिथलं. राम गणेश गडकरी क्षयानं खंगून भावाकडे सावनेरला येऊन राहिले, तेव्हा आजोबा शाळेत होते. मास्तरांना त्यांनी पाहिलं नव्हतं. ‘नाटकवाले मास्तर फार आजारी आहेत, तिकडे गलका करू नका’ एवढी वडिलांची ताकीद मात्र त्यांना म्हातारपणीही आठवत होती. २३ जानेवारी १९१९ ला मास्तर गेले. वय अवघं ३३. ‘भावबंधन’ त्यांनी अगदी मरणाच्या दारात पुरं केलं. ‘एकच प्याला’ महिनाभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व मंडळीनं बडोद्याला रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची सिंधू बघायला मास्तर उरले नव्हते.

ही दोन्ही नाटकं अपमानातून पेट घेतात. ‘एकच प्याला’तला सुधाकर बुद्धिमान वकील. भर कोर्टात खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते आणि दुखावलेल्या मानी माणसासमोर तळीराम प्याला धरतो. ‘भावबंधन’चा घनश्याम पदरी राहिलेला माणूस. लतिका त्याचा पाणउतारा करते आणि तो सुडाला लागतो. सुधाकरचा अपमान त्याचं स्वतःचं घर जाळतो, घनश्यामचा दुसऱ्याचं. पहिली शोकांतिका झाली, दुसरी होता होता राहिली. मला मात्र जास्त भीती घनश्यामचीच वाटते. दारुड्याचा तोल गेलेला चारचौघांना दिसतो, डूख धरलेला माणूस रोज घरात येऊन हसून बोलतो.

पुढे आजोबा नागपूरला महाल भागात राहायला आले. तिथल्या हौशी मंडळींनी गणेशोत्सवात ‘भावबंधन’ बसवलं आणि घनश्याम आजोबांकडे आला. बळवंत संगीत मंडळीत हे काम चिंतामणराव कोल्हटकर करत आणि लतिका असत मास्टर दीनानाथ. आजोबांनी तो खेळ पाहिला होता, त्यामुळे तालमीत ते चिंतामणरावांसारखे डोळे वटारायला गेले. तालीम घेणारे बुवा म्हणाले, ‘डोळे नको वटारू. त्याला राग नाही आला गा, त्यानं तो ठेवून घेतला.’ मग त्यांनी आजोबांना अपमानाच्या वाक्यानंतर काही न बोलता उपरण्याची घडी सारखी करायला लावली. एकदा, दोनदा, टोकाला टोक जुळेपर्यंत. आजोबा आम्हाला ते करून दाखवत. पंचाहत्तरी उलटलेला, एरवी अतिशय प्रेमळ असा तो माणूस घडी जुळवताना असा काही दिसायचा, की आम्ही पोरं आजीला चिकटायचो.

आजीला मात्र ते नाटक सोसायचं नाही. त्याचं कारण तिनं आम्हाला फार उशिरा सांगितलं.

तिच्या माहेरी एका मुंजीत चुलतभावाला पंगतीतून उठवलं होतं. पाट मानाच्या पाहुण्याचा होता, हा चुकून बसला. कुणीतरी म्हणालं, ‘तू काय, घरचाच’ आणि चार लोक हसले. तोही हसला, उठला आणि वाढायला लागला. पुढे वर्षभर तो त्या घरी राबला. दळण आणलं, याद्या लिहिल्या, आजीच्या थोरल्या बहिणीच्या सोयरिकीत निरोप पोचवले. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना मुलाकडच्यांना एक निनावी कार्ड गेलं. मुलीला फिट आली होती, एवढाच मजकूर. ते खोटं नव्हतं. ती तीन वर्षांची असताना तापात एकदा तिला आकडी आली होती. कार्डात वय तेवढं लिहिलेलं नव्हतं. लग्न मोडलं. पुढे तिला बिजवराला दिली.

ही गोष्ट ऐकल्यावर मी शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ पुन्हा वाचलं. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा ‘झुंजारराव’ केला, त्यातला जाधवराव म्हणजे मूळचा इयागो. इयागोच्या मनातला पहिला काटाही मानाचाच. बढती आपल्याला मिळायची, ती कॅशिओला मिळाली. मग तो काय करतो? रुमालाचा कट पुढचा. सुरुवातीला तो ऑथेल्लोला धड काही सांगतच नाही. नुसता विचारतो, विचारून थांबतो, बोलायचं टाळतो. त्याच्या बायकोनं, डेस्डेमोनानं, लग्नासाठी बापाला फसवलं होतं, याची आठवण करून देतो. ती गोष्ट खरीच असते. घनश्यामच्या हातातले कागदही खरेच. त्यांच्या जोरावर तो लतिकेच्या बापाला, धनेश्वराला, वेठीला धरतो. सूड घेणारा माणूस खोटं रचतो असं आपण धरून चालतो, म्हणून खोट्यावर पहारा ठेवतो. पण त्याचं काम खऱ्यावर भागतं. वर्षभर घरात राबून तो तेच वेचत असतो: कुणाला कधी आकडी आली, कुणाच्या सहीत काय अडकलंय, नवरा कशानं बिथरेल. नाटककारांना हे कळलं होतं. आजीच्या वडिलांना कळलं नाही.

आणि ‘एकच प्याला’च्या शेवटी याच्या अगदी उलटं घडतं. मरणाच्या दारातली सिंधू फौजदाराला खोटं सांगते, नवऱ्याला, सुधाकरला, वाचवण्यासाठी. त्या खोट्याचा मला आदर वाटतो आणि संतापही येतो. इतकी शुद्ध बाई गडकऱ्यांनी मारायलाच निर्माण केली असं वाटतं.

घनश्यामला मात्र त्यांनी शेवटी विरघळवलं. आजोबांना तो शेवट आवडायचा. आजीला पटायचा नाही. ‘पश्चात्ताप झाला म्हणे,’ ती म्हणायची, ‘आमच्या ताईचं वय परत आलं का?’ पण त्या चुलतभावापेक्षा तिचा राग स्वतःच्या वडिलांवर जास्त होता. पंगतीत लोक हसले तेव्हा ते गप्प बसले होते. कार्ड कुणाचं ते पुढे अक्षरावरून त्यांना कळलं, तरी त्याला जाब विचारला नाही. फक्त त्यानंतरच्या प्रत्येक कार्यात ते स्वतः उठून त्याला हाताला धरून आणत आणि मानाच्या पाटावर बसवत. तो बसायचा आणि ताईला त्याला वाढावं लागायचं.