धोतरवाल्या दादासाहेबांची शाळा

रिपब्लिकन म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे पहिली येते ती गटबाजी. त्या ढिगाऱ्याखाली कर्मवीर दादासाहेब गायकवाडही गाडले गेलेत. १५ ऑक्टोबरला हार, २९ डिसेंबरला हार. मधल्या काळात फोटोवर धूळ. हा माणूस कसा घडला आणि त्यानं पोरं कशी घडवली, हे कुणी सांगत नाही.

भाऊराव कृष्णराव गायकवाड. जन्म १९०२, दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव. २ मार्च १९३० ला नाशकात काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा गडी सत्तावीस वर्षांचा. म्हणजे तुमच्याच वयाचा! सत्याग्रह बाबासाहेबांचा, पण बाबासाहेब कधी मुंबईत, कधी गोलमेज परिषदेला लंडनात. नाशकातल्या तुकड्या, खटले, पैसा, माणसांची समजूत, सगळं भाऊरावांच्या अंगावर. पाच वर्षं ते रेटलं. बाबासाहेब त्यांना पत्रं लिहायचे. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी साफ कळवलं, की आता हा सत्याग्रह थांबवा. मूर्तीची पूजा करायला मिळावी म्हणून तो नव्हताच, आपल्या माणसांत जाग आणायला होता. आता ताकद राजकारणात आणि शिक्षणात लावा. चार वर्षं मार खाल्लेल्या कार्यकर्त्याला असं पत्र यावं, हे सोपं नाही. भाऊरावांनी ते मानलं. ती पत्रं जपली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. बाबासाहेबांनी त्यांना असं घडवलं: आधी जबाबदारी टाकायची, मग चूक-बरोबर सांगायचं.

दादासाहेबांनी पुढे पोरांशी तेच केलं. बाबासाहेब गेल्यावर १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला आणि दोनच वर्षांत फुटला. एकीकडे वकील मंडळी, दुसरीकडे दादासाहेब. कोटवाले आणि धोतरवाले. वकिलांचा गट स्वतःला 'दुरुस्त' म्हणवू लागला, म्हणजे दादासाहेबांचा आपोआप 'नादुरुस्त'! जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांचं काम, असाही आरोप झाला. शिकलेल्या माणसांना तेव्हा हे पटलंही. धोतराची चेष्टा करणं सोपं असतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र कोट परका आणि धोतर आपलं वाटत होतं, हे त्यांना उमगलं नाही.

दादासाहेबांचा हिशेब सरळ होता. गावात ज्याच्या नावावर वावर नाही, त्याला मालकाच्या वावरात मान खाली घालूनच जावं लागतं. म्हणून १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४ साली तो देशभर नेला. १ ऑक्टोबरला दिल्लीत पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हाती मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून तुरुंग भरायला सुरुवात केली. लाखांवर माणसं आत गेली. बायका गेल्या, कडेवरची लेकरं घेऊन गेल्या. हीच दादासाहेबांची शाळा. भाषण करायला शिकवणारे पुष्कळ होते. पोराला आधी तुरुंगात नेणारा आणि त्याच्या आधी स्वतः तिथं जाऊन बसणारा हा एक. तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते, हे ध्यानात घ्या.

सनदेत पडीक जमीन होती, किमान वेतन होतं. बौद्धांना सवलती आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं चित्र, ह्याही मागण्या होत्या. केंद्राच्या सवलती आणि ते तैलचित्र, दोन्ही गोष्टी १९९० साली झाल्या. मागणाऱ्याला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती. जमिनीचं काय झालं, ते तुमच्या गावच्या तलाठ्याला विचारा.

आता कडू गोष्ट. १९६७ साली दादासाहेबांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली. आपल्या माणसाला सत्तेचा वाटा मिळावा हा हेतू असेल. पण वाटा मिळाला तो मूठभरांना, आणि पक्षाची धार गेली. श्रद्धांजलीत हे लिहू नये असं काहीजण म्हणतील. आम्हाला ते पटत नाही. बाबासाहेबांच्या पत्रातून चूक ऐकून घेणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना तर नाहीच नाही.

२९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पोरं भडकलेली होती, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं रिपब्लिकन पुढाऱ्यांची सालटी काढली. भूमिहीनाला जमीन द्या, ही मागणी मात्र त्या जाहीरनाम्यातही होतीच.