साचा एकदाच कापला जातो

१९६०च्या दशकाच्या मध्यावर क्रायस्लर या अमेरिकन कंपनीने स्वतःच्याच गाड्या भंगारात काढल्या. गाड्या काही जुन्या झाल्या नव्हत्या. तांबूस ब्राँझ रंग, इटलीतल्या तुरीनच्या घिया कारखान्यात बनलेली बॉडी, आणि बॉनेटखाली पिस्टनच्या इंजिनाऐवजी चक्क टर्बाइन! अशा ५० गाड्या कंपनीने १९६३ पासून सामान्य अमेरिकन लोकांना आळीपाळीने वापरायला दिल्या होत्या. एकूण २०३ जणांनी त्या वापरल्या, मग प्रयोग संपला आणि गाड्या परत आल्या. सुरुवातीचे ५ नमुने धरून एकूण ५५ गाड्या बनल्या होत्या. त्यातल्या ९ ठेवल्या, बाकीच्या नष्ट केल्या. ठेवलेल्यांपैकी एक आज विनोदवीर जे लेनोच्या संग्रहात आहे, बाकीच्या बहुतेक संग्रहालयांत.

पण याच गाडीची एक दुसरी आवृत्ती दुकानांत विकली जात होती. डेट्रॉइटच्या जो-हान कंपनीने तिचं प्लॅस्टिकचं किट काढलं होतं, १:२५ मापाचं, टर्बाइन इंजिनासकट. सुटे भाग, डिंकाची बाटली, एक रिकामी दुपार, आणि गाडी टेबलावर उभी. आजही जुनी मॉडेल करणारी माणसं या किटचं नाव आदराने घेतात. खऱ्या गाड्या गेल्या, त्यांची नक्कल मात्र पोरांच्या फळ्यांवर राहिली.

नवं किट बाजारात आलं की हौशी मंडळी एवढ्या तावातावाने का भांडतात, याचं उत्तर मला या गोष्टीत सापडतं. छत अर्धा मिलिमीटर बसकं आहे, मागच्या काचेचा बाक चुकलाय, चाकं आत गेली आहेत. बाहेरच्या माणसाला हे सगळं हास्यास्पद वाटतं. खेळण्यातल्या गाडीसाठी कुणी एवढं डोकं पिकवतं का? पण या भांडणाला साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पोलादात कोरलेला आहे.

शोरूममधून टेबलावर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाड्यांची विक्री जोरात सुरू झाली. दरवर्षी नवं मॉडेल, नवी जाळी, नवे दिवे. शोरूममध्ये ठेवायला आणि बाबांबरोबर आलेल्या मुलांच्या हातात द्यायला कंपन्या छोट्या नकला बनवून घेत. त्यांना ‘प्रोमो’ म्हणत. एएमटी ही त्यांतली मोठी कंपनी. नावाचा अर्थ ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’, कारण सुरुवातीच्या नकला ॲल्युमिनियमच्या होत्या. मग प्लॅस्टिक आलं. तेव्हाचं ॲसिटेट प्लॅस्टिक वर्षागणिक वाकडं होत जाई. त्या काळातले प्रोमो आज पाहिले तर काहींची टोकं केळ्यासारखी वळलेली दिसतात.

प्रोमोची खरी ताकद होती माहितीत. खरी गाडी लोकांना दिसण्याआधी कित्येक महिने तिची रेखाटनं डेट्रॉइटहून या मॉडेलवाल्यांकडे गुपचूप पोचत. कारखान्याचीच रेखाटनं, त्यामुळे आकार बरोबर येई. चुकला तर गाडीवाल्या कंपनीचीच शोभा.

किटचा धंदा तोवर वेगळ्या वाटेने चालला होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रेव्हेलची ‘हायवे पायोनियर्स’ ही १:३२ मापाची मालिका गाजली, पण तिच्यात होत्या फोर्ड मॉडेल टीसारख्या आजोबांच्या काळातल्या गाड्या. १९५८ मध्ये एएमटीने साधी पण हुशार गोष्ट केली. प्रोमोचे साचे तयारच होते. त्यातून निघणारे भाग न जोडता, जास्तीचे काही भाग घालून खोक्यात भरले. खोक्यावर लिहिलं ‘थ्री इन वन’. गाडी शोरूममधल्यासारखी करा, हवी तशी सजवा, नाहीतर शर्यतीची करा. या पहिल्या किटमध्ये इंजिन नव्हतं, चासीही एकसंध तुकडा. तरी पोरांची उडी पडली, कारण रस्त्यावर आत्ता दिसणारी गाडी त्यांच्या हातात येत होती. काही वर्षांत बॉनेट उघडायला लागलं आणि आत इंजिनही आलं.

पाटी पुसली

इथेच एक नुकसान सुरू झालं. ते लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

किटचा साचा म्हणजे पोलादाचे जड ठोकळे. त्यांच्या पोकळीत वितळलेलं प्लॅस्टिक प्रचंड दाबाने शिरतं आणि काही सेकंदांत थंड होऊन बाहेर पडतं. साचा बनवायला अफाट पैसा आणि कित्येक महिने लागतात. मग पुढच्या वर्षी गाडीची जाळी आणि मागचे दिवे बदलले की काय करायचं? नवा साचा परवडत नाही. जुन्याच साच्यात फेरफार करायचे. १९६२ ची गाडी खोडून त्याच पोलादात १९६३ ची गाडी कोरायची. शाळेतली पाटी पुसून नवा धडा लिहावा, तसं.

१९७०च्या दशकात आणखी एक लाट आली. अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवरच्या शर्यती लोकप्रिय झाल्या आणि जुने साचे त्यांच्यासाठी कापले गेले. चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या, आतली सीटं काढून पिंजरा घातला. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणच ते. पण त्या साच्यातली मूळ गाडी कायमची गेली. त्या वर्षीच्या किटचं न उघडलेलं खोकं कुणाच्या माळ्यावर असेल तर तेवढंच.

पुढे कंपन्याही एकमेकींच्या पोटात गेल्या. एएमटी आधी मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेली, मग अर्टलकडे. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एक झाल्या. जो-हानचे साचे विकले गेले, पांगले. २०१८ मध्ये रेव्हेलची अमेरिकन मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा हौशी लोकांचा पहिला प्रश्न नोकऱ्यांचा किंवा शेअरचा नव्हता. ते विचारत होते, “साच्यांचं काय होणार?” काही महिन्यांतच एका जर्मन गुंतवणूक कंपनीने रेव्हेल घेतली आणि अनेकांचा जीव भांड्यात पडला.

आज एएमटीची मालकी असलेली राउंड टू कंपनी उलटा प्रवास करते आहे. जुनं, न जोडलेलं किट मिळवायचं, त्याचे भाग मोजायचे आणि त्यावरून हरवलेला साचा पुन्हा घडवायचा. नकलेची नक्कल. कारण त्या गाडीची सर्वात जवळची नोंद आता प्लॅस्टिकमध्येच उरली आहे.

शिझुओकाची वेगळी वाट

जपानमधल्या शिझुओका परिसरात तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा असे मॉडेलवाले एकवटलेत. यातली तामिया मुळात लाकडाची वखार. १९५१ च्या आगीत तिचा साठा जळाला आणि पुढे लाकडी मॉडेलांवरच भर राहिला. अमेरिकन प्लॅस्टिक किट जपानात आली आणि लाकूड मागे पडलं. तामियाचं पहिलं प्लॅस्टिक किट यामातो युद्धनौकेचं, १९६० सालचं. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात आणली आणि तामियाचं गणित कोलमडलं. त्यानंतर साचा बाहेरच्यांच्या भरवशावर सोडायचा नाही, हा धडा कंपनीने गिरवला आणि साचे बनवण्याचा स्वतःचा विभाग उभा केला.

जपानी किटांच्या पोटात तेव्हा मोटर असे. मुलांना गाडी नुसती पाहायची नव्हती, पळवायची होती. त्यामुळे चासीत बॅटरीची जागा, आणि सीटं उथळ, कारण खाली मोटर. त्या काळातले काही साचे अजून वापरात आहेत. नवं कोरं किट उघडावं आणि तळाशी मोटर-बॅटरीचा चौकोनी खळगा दिसावा, असं आजही होतं. माकडहाडासारखं, काम संपलेलं पण जागेवर असलेलं.

मग आलं १९७६ सालचं पोर्शे ९३४ चं मोठं, १:१२ मापाचं किट. तामियाचे शुनसाकु तामिया जर्मनीला जाऊन गाडीचे फोटो काढून आले, तरी माप पुरेसं मिळेना. तेव्हा त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि स्क्रू-स्क्रू सुटा केला. पुन्हा जोडायला मात्र पोर्शेची जाणकार माणसं बोलवावी लागली. किटची वाहवा झाली, पण एवढा खर्च नुसत्या किटवर निघणं अवघड होतं. त्याच गाडीला मोटर आणि रिमोट कंट्रोल जोडून त्याच वर्षी तामियाने आपली पहिली आरसी कार काढली. आजच्या आरसी गाड्यांच्या छंदाची एक मोठी शाखा त्या महागड्या साच्यातून फुटली.

अमेरिकनांना कारखान्याची रेखाटनं घरपोच मिळत होती. तामियाने स्वतः जाऊन मोजलं. आजचे हौशी समीक्षक नव्या किटकडे पाहताना, नकळत का होईना, हाच प्रश्न विचारत असतात: यांनी खरी गाडी मोजली का?

एका मिलिमीटरची किंमत

आता जरा हिशोब करू. १:२४ मापात १ मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटर. बाजूच्या खिडकीची उंची समजा ३५ सेंटीमीटर. किटमध्ये ती साडेचौदा मिलिमीटर. तिथे एक मिलिमीटर कमी झाला की खिडकी सात टक्क्यांनी बुटकी. माणसाच्या चेहऱ्यावर कपाळ सात टक्के कमी केलं तर? ओळखीचा माणूस अनोळखी दिसेल.

तरीही किटवाल्यांची बाजू आहेच. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ. किटची भिंत मात्र साधारण मिलिमीटरभर जाड ठेवावीच लागते, म्हणजे मापाप्रमाणे २४ मिलिमीटरचा पत्रा! त्यामुळे काचा आत रुततात, खांब जाड दिसतात. बॉडी साच्यातून सुटायला हवी म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. थंड होताना प्लॅस्टिक थोडं आकसतं. शिवाय आकडे तंतोतंत घेतले तरी छोट्या गाडीकडे आपण वरून पाहतो, खऱ्या गाडीकडे समोरून. लेझर स्कॅन करून केलेलं मॉडेलही कधी कधी डोळ्यांना पटत नाही, ते यामुळेच.

आणि चूक सुधारणं सोपं नसतं. भोसरी-चाकणच्या कुठल्याही टूलरूममधला कारागीर सांगेल: भागावर प्लॅस्टिक वाढवायचं असेल तर साच्याचं पोलाद थोडं खरवडलं की झालं. प्लॅस्टिक कमी करायचं असेल तर तिथे वेल्डिंग करून पोलाद भरा, पुन्हा घासा. म्हणून फुगलेलं छत खाली आणणं महागात जातं. करंजीचा साचा फुटला तर बाजारातून दुसरा आणता येतो. इथे चुकलेला आकार पुढची तीस-चाळीस वर्षं तसाच छापला जातो, आणि एकदा किट आलं की दुसरी कंपनी त्याच गाडीला सहसा हात लावत नाही.

म्हणून आता बऱ्याच कंपन्या चाचणीचे पहिले भाग आधीच दाखवतात. हौशी माणसं खऱ्या गाडीच्या फोटोवर रेघा मारून तुलना करतात. काही वेळा कंपनी ऐकते आणि साचा दुरुस्त होतो. यात कुचकटपणा नसतो असं नाही. स्वतः एकही किट पुरं न केलेला माणूस छताच्या बाकावर चार पानं लिहितो, असंही घडतं. दुसऱ्या टोकाला ‘मिळतंय ते घ्या, नाहीतर तेही बंद होईल’ म्हणणारे आहेत. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण दुसऱ्यांचंच सगळ्यांनी ऐकलं असतं, तर मोजायची तसदी कुणी कशाला घेतली असती?

आज निवड भरपूर आहे. तामियाची जीआर सुप्रा आणि नवी फेअरलेडी झेड आहे, मोबियसची १९५२ ची हडसन हॉर्नेट आहे, मेंगसारख्या चिनी कंपन्या आहेत. डिंक आणि रंग न लागणारी आओशिमाची १:३२ स्नॅप किटं आहेत, त्यात सुझुकी जिम्नीही आहे. आपल्याकडे मात्र खिसा दुखतो. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात स्केल मॉडेल खेळण्यांबरोबरच मोडतात, आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे नवखा माणूस एकच किट घेतो, तेही विचार करकरून. त्याने एक गोष्ट आधी पाहावी: खोकं नवं आहे की साचा नवा आहे? चकचकीत नव्या खोक्यात १९७० सालचा साचा असू शकतो. तो वाईटच असेल असं नाही, पण काय विकत घेतोय हे ठाऊक असावं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेल्या. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली होती. उद्या कुणी काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं नवं किट काढलं आणि छताचा बाक चुकला, तर तुम्हाला लगेच कळेल. मोजपट्टी लागणार नाही. तिच्या मागच्या सीटवर बसून दादर ते सीएसटी गेलेल्या प्रत्येकाला कळेल. त्या दिवशी गप्प बसू नका. साचा कापायच्या आधी बोला.