रुतलेल्या चाकाचं बटण

डॅशबोर्डवर एक छोटं चित्र असतं. मागून दिसणारी मोटार, तिच्या चाकांमागे नागमोडी गेलेल्या दोन रेघा आणि खाली 'ऑफ' ही अक्षरं. वेगवान गाड्यांचा नाद असलेल्या माणसाचं बोट या बटणाकडे आपोआप वळतं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला की गाडी खऱ्या अर्थाने आपल्या हातात येते, अशी त्याची श्रद्धा असते. मीसुद्धा बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो की हे बटण शर्यतवाल्यांनी हट्टाने मागून घेतलं असणार. मग गाड्यांची मॅन्युअल्स वाचायची सवय लागली आणि समज बदलली. बटण कधी दाबावं याची कारणं तिथे स्पष्ट लिहिलेली असतात: खोल बर्फ, सैल वाळू, चाकांना बांधलेल्या साखळ्या. या बटणाचं मूळ गाव शोधायचं तर शर्यतीच्या ट्रॅकवर न जाता आधी रुतलेल्या गाडीपाशी जायला हवं.

कोकणात पुळणीवर गाडी उतरवून फसलेल्यांना हे समजवावं लागत नाही. मागून चौघे ढकलत असतात, चाकाखाली झावळ्या घातलेल्या असतात, गाडी हलू लागते आणि नेमकं त्याच क्षणी इंजिनाचा जोर ओसरतो. यंत्र आपलं कामच करत असतं. कोरड्या डांबरावर टायर गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के जास्त फिरतो तेव्हा त्याची पकड सर्वांत चांगली असते. या जास्तीच्या फिरण्याला स्लिप म्हणतात. ती हद्द ओलांडली की टायर नुसताच घासतो, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतो किंवा त्या एका चाकाला ब्रेक लावतो. भुसभुशीत जमिनीवर मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे टायरला खाचांत भरलेला चिखल भिरकावून द्यायचा असतो, वरचा थर खरवडून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचं असतं. त्यासाठी चाक फिरावंच लागतं. म्हणून त्या यंत्राला थोडा वेळ थांबवण्याची सोय हवी होती.

जास्त ताकद आणि कमी पकड हे दुखणं मात्र इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुनं आहे. 1930च्या दशकात जर्मनीत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये इतकी ताकद होती की एक मागचं चाक नुसतंच गरगरायचं आणि सगळा जोर तिथेच वाया जायचा. फर्डिनांड पोर्शे यांच्या या गाड्यांसाठी झेडएफ कंपनीने 1935मध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवलं. सगळं काम दातेरी चाकांचं आणि घर्षणाचं. विजेचा विचार पुढे अमेरिकेत आला. 1971मध्ये ब्यूइकने मॅक्सट्रॅक नावाची सोय विकायला काढली. मागची चाकं गरजेपेक्षा जास्त फिरताहेत असं दिसलं की तिचा छोटा कॉम्प्युटर इंजिनाची ठिणगी मधूनमधून तोडायचा. कल्पना तिच्या काळाच्या फार पुढे होती. थोड्याच वर्षांत ती यादीतून गेली.

कल्पना टिकली ती ब्रेकच्या वाटेने आली म्हणून. 1978मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसलं आणि प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत कायमचे मुक्कामाला आले. ब्रेक लावताना चाक अडकतंय का हे ज्याला कळतं, त्याला जोर देताना चाक जास्त फिरतंय का हेही कळू शकतं. एवढ्या एका तर्कावर 1980च्या दशकाच्या मध्याला एएसआर नावाचं ट्रॅक्शन कंट्रोल उभं राहिलं.

या कुळकथेतलं माझं सर्वांत आवडतं पात्र मात्र 1992ची शेव्हरोले कॉर्व्हेट आहे. नवं एलटी1 इंजिन, 300 हॉर्सपॉवर, मागच्या चाकांवर चालणारी अमेरिकन स्पोर्ट्‌स कार, आणि त्या वर्षी प्रत्येक कॉर्व्हेटमध्ये एएसआर बसवलेलं. मागची चाकं घसरू लागली की हे यंत्र ठिणगी मागे ओढायचं, मागचे ब्रेक लावायचं आणि थ्रॉटल बंद करायचं. थ्रॉटल बंद होताना अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल चालकाच्या पायाला वर ढकलायचं. हा प्रसंग नुसता डोळ्यांसमोर आणून बघा. तुम्ही पाय दाबताय आणि गाडी तो पाय तुम्हाला परत करतेय. आजच्या गाडीत पेडल आणि इंजिन यांच्यात फक्त वायर असते, त्यामुळे तिचा नकार पायाला जाणवत नाही. त्या कॉर्व्हेटने तो तळपायावर दिला. अशा गाडीत बंद करायची कळ दिसली की माणसाचं बोट तिकडे जाणारच. बर्फासाठीची सोय माणसाच्या स्वाभिमानाची बाब झाली ती इथे, असं मला वाटतं.

सुरुवातीच्या या यंत्रांबद्दल चालकांची तक्रार रास्त होती. ती उशिरा जागी व्हायची, जोर एकदम तोडायची आणि परत द्यायला वेळ लावायची. वळणात मागची चाकं किंचित घसरवून गाडीचं नाक आत घेणं ही जुनी कला आहे आणि ती पायाच्या अंगठ्यावर चालते. तिथे मध्येच कुणी जोर तोडला तर तोल बिघडतो. ड्रॅग शर्यतीत तर सुटण्याआधी मागचे टायर जागच्या जागी फिरवून तापवावे लागतात. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून ते जमत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये हाच वाद कानांवर लढला गेला. 1994च्या हंगामापासून तिथे ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली. त्या एप्रिलमध्ये जपानमधल्या आयदाच्या ट्रॅकवर आयर्टन सेना हा चालक पहिल्याच वळणावर शर्यतीबाहेर पडला. तो लगेच पिटकडे न जाता कठड्याशी उभा राहून प्रतिस्पर्धी मायकेल शूमाकरच्या बेनेटन गाडीचा आवाज ऐकत राहिला. जोर तोडला-जोडला जाताना इंजिन अडखळतं, तोतरं बोलल्यासारखं. तसा आवाज आपण ऐकला, असा त्याचा ग्रह झाला. पुढे तपासात बेनेटनच्या सॉफ्टवेअरमध्ये लाँच कंट्रोलचा, म्हणजे सुटताना चाकं घसरू न देणाऱ्या सोयीचा, दडवलेला पर्याय सापडला, पण तो शर्यतीत वापरल्याचा पुरावा मिळाला नाही. संशयाचं हे वातावरण विरलंच नाही. 2001मध्ये स्पेनच्या शर्यतीपासून ट्रॅक्शन कंट्रोलला परत मुभा मिळाली. 2008मध्ये बंदी पुन्हा आली आणि सगळ्या संघांना एकच कंट्रोल युनिट सक्तीचं झालं, तेव्हा कुठे ती खरोखर पाळता आली.

रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र यंत्राची बाजू भक्कम होत गेली. 1995मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेत ईएसपी आलं. ते नुसतं चाक बघत नव्हतं, गाडी स्वतःभोवती फिरतेय का हेही बघत होतं. 1997मध्ये स्वीडनमध्ये एका चाचणीत छोटी ए-क्लास उलटली आणि मर्सिडीजने त्या गाडीत ईएसपी सरसकट देऊन टाकलं. पुढे अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने अंदाज बांधला की या यंत्रामुळे एकट्या गाडीचे अपघात मोटारींत 34 टक्क्यांनी आणि एसयूव्हींत 59 टक्क्यांनी कमी होतील. हे आकडे वाचल्यावर मी बटणाची बाजू फार चढ्या आवाजात मांडू शकत नाही.

अमेरिकेचा नियम 126 सप्टेंबर 2011पासून पूर्ण लागू झाला आणि प्रत्येक हलक्या गाडीत हे यंत्र सक्तीचं झालं. 2013च्या एसआरटी व्हायपरलाही ते घ्यावं लागलं. याच व्हायपरची 1992ची आवृत्ती एबीएसशिवाय विकली जायची. नियम लिहिणाऱ्यांनी 'ऑफ'चं बटण काढून टाकलं नाही, आणि मला हा मोठा शहाणपणा वाटतो. बटण नसतं तर हौशी माणूस फ्यूज उपटतो, आणि उपटलेला फ्यूज परत बसेलच याची खात्री नसते. त्यांनी बटण ठेवलं आणि त्याची आठवण काढून घेतली. दर वेळी गाडी सुरू केली की यंत्र पुन्हा चालू असलंच पाहिजे.

दरम्यान कारखान्यांनी बटणाची चकतीही करून टाकली. 2004च्या फेरारी एफ430ने स्टिअरिंगवर मॅनेटिनो नावाची फिरवायची कळ आणली. बर्फापासून शर्यतीपर्यंतचे टप्पे आणि शेवटी सगळं बंद. मर्सिडीज-एएमजी जीटी आरच्या मधल्या कन्सोलवर पिवळी चकती आहे, तिला 9 पायऱ्या. 2021च्या बीएमडब्ल्यू एम4मध्ये 10 आहेत. आता 'ऑफ' म्हणजे तरी किती ऑफ, हे गाडीगणिक बदलतं. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं तर नुसती सैल सूट मिळते. पूर्ण बंद करायला बोट काही सेकंद दाबून धरावं लागतं, आणि तेव्हाही एबीएस जागंच राहतं.

ट्रॅकवर, मोकळ्या जागेत, कुणी जाणता शेजारी बसवून हे बटण जरूर दाबावं. टायर काय बोलतो ते त्याशिवाय पायाला कळत नाही. पण मृगाच्या पहिल्या सरीत, डांबरावरचं तेल वर आलेलं असताना, खंडाळ्याच्या उतारावर त्याला हात लावू नये. तिथे शेजारच्या गाडीत कुणाची तरी मुलं असतात.

गाडी घरी आणून बंद केली आणि सकाळी पुन्हा सुरू केली, की डॅशबोर्डवरच्या त्या चित्राचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद पेटतो आणि विझतो. काल बटण कुणी दाबलं होतं, हे त्याला ठाऊक नसतं.