१४ मार्च १८६३ : ब्युनॉस आयर्सचे ‘कोलेहिओ नॅसिओनाल’

अर्जेंटिनाचे अध्यक्ष बार्तोलोमे मित्रे यांनी या दिवशी एका हुकूमनाम्यावर सही केली आणि ‘कोलेहिओ नॅसिओनाल दे ब्युनॉस आयर्स’ ही सरकारी शाळा उभी राहिली. जागा मात्र जुनीच. इथे आधी जेझुईट पाद्र्यांची शाळा होती. त्यांची हकालपट्टी झाल्यावर सान कार्लोस विद्यालय आले. स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी मानुएल बेल्ग्रानो आणि मारियानो मोरेनो तिथलेच विद्यार्थी.

नव्या शाळेला घडवले ते आमेदे झाक या फ्रेंच तत्त्वज्ञाने. १८६५ मध्ये तो वारला, पण विज्ञान आणि प्रयोगशाळेचे वळण शाळेला लावून गेला. त्या दिवसांचे सर्वांत खुसखुशीत चित्र माजी विद्यार्थी मिगेल काने याच्या ‘हुवेनिलिया’ (१८८४) या आठवणींत आहे : सुट्टीत शेतघरी राहणारी पोरे शेजारच्या बास्क शेतकऱ्यांची कलिंगडे पळवतात आणि मालक हातात शेतीची अवजारे घेऊन मागे धावतात. हुशार मुलांची शाळा म्हणजे काही साधूंचा मठ नव्हे!

१९११ पासून शाळा ब्युनॉस आयर्स विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. सातवीत असतानाच वर्षभर तयारी करून प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथे वशिला चालत नाही. लॅटिन आजही सक्तीचे आहे.

१९७६ नंतरच्या लष्करी राजवटीत शाळेचे शंभरहून अधिक आजी-माजी विद्यार्थी मारले गेले किंवा बेपत्ता झाले. शाळेच्या इतिहासातले हे अत्यंत काळे पान आहे. शाळा आजही सरकारी आहे आणि शिक्षण मोफत.