बोटीचं इंजिन आणि पंपावरचं पेट्रोल

'मोटारसायकलला जे पेट्रोल चालतं, ते बोटीच्या मोटरला का चालू नये?' उसाच्या पट्ट्यातल्या देवळाली प्रवरेत हा युक्तिवाद सहज पटतो. साखर कारखानदारीमुळे इथेनॉल इथे घरचंच. राहुरी तालुक्यातच मुळा धरणाचा २६ टीएमसीचा जलाशय आहे, आणि प्रवरा-मुळेला पूर आला की बचावाच्या बोटी लागतात.

पूर्वपक्ष दुबळा नाही. पंपावरच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तेलाची आयात घटते, उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळतं. शिवाय इथेनॉल जितकं जास्त, तितकं जास्त पाणी त्यात विरघळून राहतं. म्हणून पाण्याची भीती उलट कमीच, असंही जाणकार सांगतात. हे खरं आहे, पण अर्धंच. विरघळण्याची मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासह तळाला बसतं, आणि मिश्रणात इथेनॉल जास्त असेल तर तो थरही मोठा होतो. बोटीच्या टाकीतली नळी पेट्रोल तळाजवळूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात घोटाळा दुप्पट: त्यातलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, त्यामुळे तळातला थर इंजिनात गेला तर वंगणच मिळत नाही आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

मोटारसायकलशी तुलना इथेच कोसळते. तिची टाकी वरचेवर रिकामी होते, वरचेवर भरते. बचावाची बोट मात्र पुढच्या पुरापर्यंत पडून असते, आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला तर दमट हवा आत येत राहते. शिवाय नव्या गाड्या २० टक्क्यांसाठी घडवल्या आहेत. यामाहा, मर्क्युरी यांसारखे आउटबोर्डचे, म्हणजे बोटीच्या मागे बसवायच्या मोटरचे, उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनात मिश्रण पातळ होतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर सतत चालणाऱ्या मोटरला त्याचा ताप अधिक.

मग इथेनॉललाच दोष द्यायचा का? तेही चूक. साधनाला साजेशी व्यवस्था हवी: पाणी वेगळं करणारा फिल्टर, इथेनॉलला टिकणारी होज आणि प्रायमर बल्ब, काम संपल्यावर बंद केलेला हवेचा स्क्रू. सुटी टाकी बोटीतून उतरवून किनाऱ्यावरच भरावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीनेही पेट घेते. पडून राहिलेलं पेट्रोल पावसाळ्याआधी काढून ताजं भरावं, आणि बोट पुरात नेण्याआधी इंजिन पाण्यात चालवून पाहावं.

पेट्रोल एकच असलं तरी इंजिनाची गरज एकच नसते. बोट खरेदी करताना अश्वशक्तीचा आकडा सगळे विचारतात. इंजिनाला किती टक्के इथेनॉल मान्य आहे, हे मात्र निविदेत आधी लिहायला हवं.