बॉयकॉट : शब्द एक, हत्यारे दोन

हल्ली सिनेमा खटकला की बॉयकॉट, जाहिरात आवडली नाही की बॉयकॉट. मोबाइलवर बोट दाबले की झाला बहिष्कार! शब्द इतका स्वस्त झाला, पण तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. आम्हाला विचारावे लागते, कारण बहिष्कार आमच्या आज्या-पणज्यांनी अंगावर झेललेला आहे.

बॉयकॉट हे मुळात एका माणसाचे आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्रज कॅप्टन आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. हवी तेवढी सूट तर मिळाली नाहीच, उलट जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात लँड लीगचे पुढारी पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितले होते : हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याच्याशी सगळे व्यवहार तोडा. मेयोच्या लोकांनी हाच उपाय कारभाऱ्यावर चालवला. गडीमाणसे काम सोडून गेली, दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून सुमारे ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. नाव मात्र मागे राहिले आणि जगभर पसरले.

भारतात हा शब्द गाजला तो वंगभंगाच्या चळवळीत. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विलायती मालावर बॉयकॉटचा ठराव झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो 'बहिष्कार' म्हणून आला. पण मराठीला बहिष्कार नवा होता काय? जातीबाहेर काढणे, वाळीत टाकणे हे गावाला त्या कॅप्टनच्या जन्माआधीपासून ठाऊक होते. आता मँचेस्टरच्या कापडाला आणि जिवंत माणसाला एकच शब्द लागू झाला. एकाच्या बहिष्काराला देशभक्ती म्हटले गेले, दुसऱ्याच्या बहिष्काराला गावची रीत.

ही रीत बाबासाहेबांनी उघडी पाडली. १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. ज्या शब्दाने आम्हाला बाहेर ठेवले, तोच त्यांनी संघटनेच्या आणि पत्राच्या माथ्यावर लावला. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. अस्पृश्यांनी हक्क बजावताच जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, वाट अडवली जाते, वाणी सामान देत नाही, हे त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नोंदले आहे. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागणी केली की सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवा. त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधारही त्यांनी दिला.

इथे कोणी विचारेल : आयरिश कुळांनी केला तो लढा आणि गावाने केला तो गुन्हा, हा दुटप्पीपणा नाही काय? नाही. कुळांनीही बॉयकॉटचा माल तोडला, हे खरे. पण त्याच्या पाठीशी जमीनदार होता, सरकार होते, आणि परतायला इंग्लंड होते. वाळीत टाकलेल्या दलिताने कुठे जायचे? पुढच्या गावातही तीच वेस आणि तीच उतरंड. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा ३८१ दिवस त्यांनी स्वतःची गैरसोय सोसली. म्हणून बहिष्कार दिसला की दोन प्रश्न विचारा : जमीन, पाणी, दुकान कोणाच्या ताब्यात आहे? आणि बहिष्कार घालणारा स्वतःचे काही सोडतो आहे, की दुसऱ्याच्या तोंडचा घास काढतो आहे?

आज कायदा आपल्या बाजूने आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून आला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. पण कागदावरचा कायदा आपोआप चालत नाही. एखाद्या वस्तीचे पाणी, किराणा, मजुरी बंद झाली, तर फिर्यादीत 'गावातील किरकोळ वाद' असे लिहू देऊ नका. 'सामाजिक बहिष्कार' हेच शब्द लिहून घ्या आणि फिर्यादीची प्रत हातात घेऊनच ठाण्याबाहेर पडा.

जय भीम!